दानी आणि पोहरा

परवा भाचीचा फोन आला. लग्न डिसेंबरात आहे. हॉल ठरला, साड्या ठरल्या, आता फिरायला कुठं जायचं एवढंच राहिलंय. "आत्या, आम्ही मालदीवला जायचं म्हणतोय. तू राहिली आहेस ना तिथं? कुठलं बेट चांगलं?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ती म्हणाली, "तसंही ते बुडणारच आहे म्हणे. आहे तोवर बघून घ्यावं."

तिनं ते सहज म्हटलं, सगळेच म्हणतात तसं. पण फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन बराच वेळ उभी राहिले. 'आहे तोवर भेटून घ्या' हे आपण अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल म्हणतो. त्या देशात मी तीन वर्षं गणित शिकवलंय. तिथं मला घरात घेणारी, माझं पथ्य सांभाळणारी एक बाई आजही आहे. त्यामुळे फोनवर जे बोलता आलं नाही ते इथं लिहितेय. भाचीनं वाचावं म्हणून, आणि ज्यांना ज्यांना तसं वाटतं त्यांनीही वाचावं म्हणून.

२००६ च्या जानेवारीत मी गेले. यजमानांची अंबडच्या एमआयडीसीतली नोकरी गेली होती, फ्लॅटचे हप्ते थांबत नव्हते. मालदीवच्या शाळांना भारतातून शिक्षक लागतात हे एका मैत्रिणीकडून कळलं. अर्ज केला आणि निवड झाली. सात वर्षांच्या लेकीला सिन्नरला आईकडे ठेवलं. मुंबई, तिरुवनंतपुरम, मालदीवची राजधानी माले, आणि मालेहून रात्रभर बोटीनं उत्तरेला रा अटॉलमधलं उंगूफारू. चालत निघालं तर या टोकाहून त्या टोकाला दहा मिनिटं. (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं. हा शब्द जगानं मालदीवच्या दिवेही भाषेतूनच घेतला.)

शाळेतल्या पहिल्या दिवशी पोरांना आकडे म्हणायला सांगितले. एके, दे, तिने, हतरे, फहे. मी चकितच झाले. एक, दोन, तीन, चार, पाच नुसते वाऱ्यानं थोडे झिजल्यासारखे. दिवेही ही सिंहलीची बहीण, म्हणजे मराठीची लांबची नात्यातलीच. पुढं समजलं की मोठ्या बहिणीला तिथं 'दत्त' म्हणतात. घरमालकीण माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मीही तिला दत्तच म्हणायचे. आमच्या घरात दत्तजयंती असते, त्यामुळे पहिले काही दिवस ती हाक मारताना माझे हात नकळत जोडले जायचे.

दत्तच्या घरामागे न्हाणीघर होतं. वर आभाळ, भोवती भिंत, मध्ये विहीर. त्याला गिफिली म्हणतात. पहिल्या सकाळी मी तिथं दोर शोधत होते. आमच्या वाडीतली विहीर साठ फूट खोल. वडिलांनी आणि चुलत्यांनी सुरुंग लावून खणलेली. रहाटावर पोहरा सोडला की पाणी लागल्याचा आवाज यायला वेळ लागायचा. पुढं ती आटली आणि चारशे फुटांचं बोअर घेतलं, तेही फेब्रुवारीनंतर हवा ओकायचं. इथं विहिरीच्या कडेला लांब काठीला बांधलेला एक डबा टेकवून ठेवलेला. त्याला दानी म्हणतात. दत्तनं ती हातात घेतली, वाकली आणि उभ्या उभ्या पाणी काढलं. पुरुषभरसुद्धा खोल नव्हतं. मला वाटलं, काय नशीबवान लोक आहेत हे.

मग मी चूळ भरली. पाणी मचूळ होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या केरळच्या एका सरांनी मला त्याचं कारण वाळूत बोटानं रेघा ओढून समजावलं. ते मला भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात इतकं नीट कळलं नव्हतं. प्रवाळाच्या बेटाला नदी नसते, डोंगर नसतो, धरण नसतं. पाऊस पडतो तो वाळूत मुरतो. खाली सगळीकडे समुद्राचं खारं पाणी आहेच. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहतं, मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगते तसं. बेटाची सगळी जमा म्हणजे हा तवंग. पुस्तकी हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर त्या वजनानं खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. पण प्रवाळाचा खडक भोकाभोकांचा, भरती-ओहोटीनं पाणी सतत ढवळलं जातं, आणि बेट अरुंद. त्यामुळे प्रत्यक्षात थर पातळच राहतो. आणि तोच हिशोब उलटाही चालतो. वरून जास्त उपसलं किंवा पाऊस लांबला, तर खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. सिन्नरमध्ये विहीर आटते. तिथं विहीर भरलेलीच दिसते, फक्त पाणी पिण्यालायक राहत नाही.

मी गेले तेव्हा त्सुनामीला एक वर्ष झालं होतं. २६ डिसेंबर २००४ ला लाट बेटांवरून सरळ पलीकडे गेली. मालदीवमध्ये ऐंशीहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यांच्या विहिरींत समुद्र वरून ओतला गेला होता. दत्त सांगायची, कितीतरी महिने साबणाला फेस येत नव्हता, कपडे वाळले की पापडासारखे कडक. तिच्या अंगणात नीरफणसाचं मोठं झाड होतं. लाटेनं ते पडलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत उभ्या उभ्या वाळलं. मी गेले तेव्हा त्याचा बुंधाच उरला होता आणि त्यावर ती मिरच्या वाळत घालायची. निफाडकडे कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेली रानं मी पाहिलीत, मातीवर पांढरी खपली धरलेली. तोच पांढरेपणा त्या बुंध्याभोवती होता.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं उंगूफारूची नव्हतीच. ती कंदोळुदूची. त्याच अटॉलमधलं ते बेट त्सुनामीनं इतकं मोडलं की सगळंच्या सगळं गाव सोडावं लागलं. साडेतीन-चार हजार माणसं आसपासच्या बेटांवर तात्पुरत्या निवाऱ्यांत विखुरली. भूमितीच्या तासाला मी मुलांना आपापल्या घराचा नकाशा प्रमाणात काढायला सांगितला होता. एका मुलानं खोली, पडवी, गिफिली, विहीर सगळं अगदी मापात काढलं. मी त्याला शाबासकी दिली. शेजारचा हळूच म्हणाला, "मिस, ते घर आता नाहीये." पत्र्याच्या खोलीत राहणारा तो मुलगा मोडलेल्या घराची मापं डोक्यात घेऊन फिरत होता. नंतर मी घराचा नकाशा कुणालाच काढायला लावला नाही.

पिण्यासाठी पाऊस. प्रत्येक घराला पन्हळ, पन्हळीखाली मोठी टाकी, बऱ्याचशा टाक्या त्सुनामीनंतर मदतीत आलेल्या. जानेवारी ते एप्रिल कोरडे महिने. मार्चमध्ये टाक्या खडखडायला लागल्या, की मालेहून बोटीनं पाणी यायचं. जेट्टीवर कॅन, बादल्या, पातेली यांची रांग. पहिल्या वर्षी त्या रांगेत उभी असताना मला आमच्या वाडीत येणारा टँकर आठवला. तेच आवाज, बायकांचं तेच नंबर लावणं, पोराला घराकडे पिटाळून आणखी एक भांडं मागवणं. आमच्याकडे भोवती दुष्काळ असायचा. इथं भोवती क्षितिजापर्यंत पाणी.

आता मुख्य गोष्ट. २००८ चा सप्टेंबर. इकडे गोदावरीला महापूर आला. तो पूर नाशिककरांना सांगायला नको. मला फोनवर सासूबाईंनी सांगितलं, "गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुती बुडाला." बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे पूर फुटांत मोजत नाहीत. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असं मोजतात. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं तर म्हाताऱ्या माणसांना १९६९ आठवतं. मी फोनवर रडत होते म्हणून दत्त धावत आली. तिनं विचारलं, "तुझं गाव बुडालं?" मी म्हटलं, "नाही गं, नदीचं पाणी आहे. दोन दिवसांत उतरेल." तिचा विश्वास बसेना. "तुझं गाव समुद्रापासून किती उंच आहे?" मी म्हटलं, "सहाशे मीटर." तिला वाटलं मी चुकीचा शब्द वापरतेय. तिच्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा २.४ मीटर. ऐंशी टक्के जमीन एक मीटरच्या आत. तिनं मला तिच्या खाटेवर बसवलं आणि रोशी करून घातली. रोशी म्हणजे आपली पोळीच. मी मासे खात नसे, म्हणून एरवी टुना घालून करतात ते नारळ-कांद्याचं कालवण माझ्यापुरतं वेगळं काढलेलं असे.

त्या पुरानंतर नाशिकबद्दल कुणी म्हणालं नाही की बुडणार आहे, आहे तोवर बघून घ्या. २०१६ आणि २०१९ ला पुन्हा मारुती बुडाला, तेव्हाही नाही. आपण विचारलं पूररेषेचं काय झालं, गंगापूर धरणातून पाणी कधी सोडलं, काठावरच्या टपऱ्यांचं आणि घरांचं काय. गाव राहणार हे धरूनच ते प्रश्न होते. बेटांच्या वाट्याला हे प्रश्न येतच नाहीत. त्यांचं मरण आपण आधीच ठरवून टाकलंय, म्हणून त्यांच्या पाण्याची, शाळेची, कर्जाची चौकशी करायची गरज कुणाला वाटत नाही.

आणि बेटं मुळात तशी बुडतही नाहीत. समुद्र चढतोय हे खरं. १९०१ ते २०१८ या काळात तो सरासरी २० सेंटीमीटर चढला, म्हणजे जवळपास वीतभर, आणि वेग वाढतोय. पण प्रवाळाचं बेट म्हणजे पाण्यात ठेवलेली थाळी नव्हे. ते वाळूचं आहे आणि वाळू रोज तयार होते. पोपटमासा प्रवाळ खरवडून खातो, त्याच्या पोटातून बारीक पांढरी वाळू बाहेर पडते. भाची ज्या किनाऱ्यावर फोटो काढेल त्यातला मोठा भाग त्या माशांनी केलेला आहे. लाटा ती वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात, बेट एका बाजूनं झिजतं आणि दुसऱ्या बाजूनं भरतं. जुन्या आणि नव्या हवाई छायाचित्रांची तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञांना पॅसिफिकमधली अनेक बेटं गेल्या काही दशकांत तेवढीच राहिलेली, काही तर वाढलेली आढळली.

हे ऐकून कुणी निश्चिंत होऊ नये. हे सगळं प्रवाळ जिवंत आहे तोवरच. पाणी थोडं जरी जास्त तापलं, तरी प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ मेलं. ते सावरत होतं तोच २०१६ ला पुन्हा तेच. तापमान दीड अंशानं वाढलं तर जगातलं ७० ते ९० टक्के प्रवाळ जाईल, दोन अंशांनी वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त, असं आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा अहवाल सांगतो. पॅरिसच्या करारात २०१५ साली दीड अंश हा आकडा आला तो या बेटांनी हट्ट धरला म्हणून. तो अर्धा अंश म्हणजे त्यांच्या पायाखालची वाळू.

क्रम असा आहे: आधी पाणी खारं होतं. मग झाडं जातात. प्रवाळ मेलं की लाटा अडत नाहीत आणि वाळू येत नाही. मग भरतीच्या वेळी रस्त्यावर पाणी, मग घरात. जमीन दिसत असतानाच ती राहण्याजोगी उरत नाही. पॅसिफिकमधल्या तुवालू या देशात पुलाका नावाचा अळूसारखा कंद खड्डे खणून, त्या गोड्या पाण्याच्या थरावर लावतात. त्या खड्ड्यांत खारं पाणी यायला लागलं. २०११ मध्ये पाऊस लांबला आणि तुवालूला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. सगळा देश २६ चौरस किलोमीटर, लोक अकराएक हजार.

४ डिसेंबर २०१४ ला मी नाशिकमध्येच होते. टीव्हीवर माले दिसलं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांच्या राजधानीचे नळ एका दिवसात कोरडे पडले. भारतानं विमानांनी पाण्याच्या बाटल्या पाठवल्या, नौदलाची जहाजं गेली. ऑपरेशन नीर. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. मालेची जमिनीखालची तवंगाची पुंजी कधीच संपलीय. आता पाणी यंत्रातून, यंत्र विजेवर, वीज बहुतांशी डिझेलवर आणि डिझेल जहाजानं. हवा तापवणाऱ्या इंधनावरच त्यांची तहान भागतेय. सौरऊर्जा हळूहळू येतेय, पण पॅनेल लावायला मोकळी जमीन कुठं आहे?

पैशाचं बोलायलाच हवं, कारण सगळं तिथं येऊन अडतं. २०१४ ला गारपिटीनं निफाड, दिंडोरीच्या बागा झोडपल्या, तेव्हा आमच्या नात्यातल्या एकाचा काढणीला आलेला द्राक्षबाग दहा मिनिटांत गेला. पंचनामा झाला. मदत आली ती औषधांच्या उधारीलाही पुरली नाही. बाग उभा करायला पुन्हा कर्ज, आणि जुनं कर्ज तसंच. आता हे एका देशाबाबत डोळ्यांपुढं आणा. डॉमिनिका हा कॅरिबियनमधला छोटा देश. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानं एका रात्रीत त्याच्या जीडीपीच्या २२६ टक्के नुकसान केलं. म्हणजे देशानं सव्वादोन वर्षं जे काही कमावलं असतं ते सगळं. त्याचा पंचनामा कुणी करायचा आणि भरपाई कुणी द्यायची? १९९१ मध्येच वानुआतू या पॅसिफिकमधल्या द्वीपराष्ट्रानं बेटांच्या वतीनं सांगितलं होतं की ज्यांच्यामुळे समुद्र चढतोय त्यांनी नुकसानीचा निधी उभारावा. तो निधी काढायचं जगानं मान्य केलं २०२२ मध्ये. एकतीस वर्षं गेली. या सगळ्या छोट्या द्वीपराष्ट्रांचं मिळून कर्बउत्सर्जन जगाच्या एक टक्काही नाही.

पण ते हात जोडून बसलेले नाहीत, आणि भाचीला मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. १९८७ ला लाटांनी माले बुडालं, त्याच वर्षी त्यांचे राष्ट्राध्यक्ष गय्यूम संयुक्त राष्ट्रांत जाऊन बोलले, हवामान बदल हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत फारसा यायच्या आधी. २००९ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. सेशेल्सनं आपलं कर्ज थोडं कमी करून घेतलं आणि त्या बदल्यात आपल्या समुद्राचा ३० टक्के भाग राखीव केला. आणि २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या विद्यापीठातले कायद्याचे सत्तावीस विद्यार्थी म्हणाले, आपण हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेऊ. वानुआतूनं ते उचललं. २३ जुलै २०२५ ला त्या न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडलं तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. मी शिक्षिका आहे. वर्गात बसलेल्या सत्तावीस मुलांनी हे केलं, ही बातमी मी पाच वेळा वाचली.

त्यांचे सगळेच निर्णय मला पटतात असं नाही. हुलहुमाले हे १९९७ पासून समुद्र भरून केलेलं बेट, साधारण दोन मीटर उंच, तिथं हजारो कुटुंबांना घर मिळालं. दक्षिणेला अड्डूमध्येही भराव झाला, आपल्या देशाच्या कर्जातून. लोकांना जमीन हवी हे मी जवळून पाहिलंय. पण भरावासाठी वाळू उपसली की गाळ प्रवाळावर बसतो, आणि जे बेट फुकटात राखत होतं तेच मरतं. आपण नाशिकमध्ये नाले बुजवून, नदीच्या पात्राला चिकटून इमारती उभ्या केल्या. त्यामुळे मी त्यांना शिकवायला जाणार नाही, फक्त काळजी वाटते.

आणि तुवालूचं तर काय म्हणावं कळत नाही. ऑस्ट्रेलियानं करार करून दरवर्षी २८० जणांना कायमचं राहायला यायची वाट दिली. पहिली फेरी उघडल्यावर काही दिवसांतच लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. जाऊ नका असं कोण म्हणेल? मीही हप्त्यांसाठी लेकीला सोडून गेलेच होते. पण मला परत यायला नाशिक होतं.

कंदोळुदूच्या लोकांना अखेर घर मिळालं. त्याच अटॉलमधल्या दुवाफरू या रिकाम्या बेटावर रेडक्रॉसनं सहाशेच्या आसपास घरं बांधली आणि २००८ च्या अखेरीस बोटी निघाल्या. चार वर्षांनी. गाद्या, पंखे, बसायच्या जाळीच्या जोली, कुंड्या. माझा वर्ग एका आठवड्यात निम्मा झाला. तो नकाशावाला मुलगा जाताना सांगून गेला की नव्या घराची मापं तो स्वतः घेणार आहे.

तर भाचीला मी आता असं सांगितलंय. रिसॉर्टवर जा, हौस करा, पण दोन दिवस लोकवस्तीच्या बेटावर राहा. २००९ पासून तिथंही पाहुण्यांना राहता येतं आणि तो पैसा गावात राहतो. प्रवाळावर पाय देऊ नकोस. आंघोळीला कमी पाणी वापर, ते डिझेल जाळून केलेलं आहे. आणि उंगूफारूला जमलं तर दत्तकडे जाऊन ये. तिच्याकडे आता नळ आलाय, पण परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला गिफिली दाखवली. विहीर आहे, दानी तिथंच टेकवलेली. विहिरीचं पाणी ती झाडांना घालते. नीरफणसाच्या जुन्या बुंध्याशेजारी नवीन रोप लावलंय, तिच्या कमरेएवढं झालंय.

तिला आपल्याकडचे बेदाणे फार आवडतात. पिंपळगावहून दोन किलो मागवून ठेवलेत. भाचीच्या बॅगेत जागा होईल म्हणाली.